टीव्ही पारखावा काळ्या रंगावर

दुकानात भिंतीवर ओळीने टांगलेल्या टीव्हींवर काय चालू असतं ते आठवून पाहा. रंगीबेरंगी पोपट, फुलांचे मळे, उन्हात चमचमणारा समुद्र. अंधाऱ्या जिन्यावरून कुणी कंदील घेऊन उतरतंय, असं दृश्य तिथे सहसा कोणी लावत नाही. कारण उघड आहे. झगझगीत दृश्यात साधा टीव्ही आणि भारी टीव्ही यांतला फरक चटकन कळत नाही, अंधाऱ्या दृश्यात मात्र तो लपत नाही. उजेड पाडणं कुठल्याही पडद्याला जमतं. काळा रंग काळा दाखवणं अवघड, आणि सपाट पडद्याच्या टीव्हीत आजवर झालेल्या सुधारणांपैकी बऱ्याचशा या एकाच अडचणीपायी झाल्या आहेत.

घराघरांतले बहुतेक टीव्ही एलसीडी जातीचे असतात. खोक्यावर ‘एलईडी’ छापलेलं असो की ‘क्यूलेड’, आतली रचना तीच: मागे एलईडी दिवे, म्हणजे बॅकलाइट, आणि पुढे द्रवस्फटिकांचा पातळ थर. द्रवस्फटिक म्हणजे धड द्रव नाही, धड स्फटिक नाही असा पदार्थ. १८८८ मध्ये फ्रिड्रिश रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या तो प्रथम लक्षात आला. कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तापवताना त्याला दोन द्रवणांक दिसले. सुमारे १४५ अंश सेल्सियसला तो वितळून गढूळ झाला आणि १७८ अंशांच्या पुढे एकाएकी नितळ. या मधल्या गढूळ अवस्थेतले रेणू साधारण एका दिशेला तोंड करून असतात. विजेचा दाब दिला की ते वळतात आणि त्यांच्यातून जाणाऱ्या प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशाही त्यानुसार बदलते. थराच्या पुढेमागे ध्रुवीकरण करणारे, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारे, दोन पापुद्रे बसवले, की हवा तेवढाच प्रकाश पुढे सोडता येतो. म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूत अशा तीन झडपा झाल्या. त्यांच्यावर लाल, हिरवी आणि निळी काच चढवली की रंग तयार.

गोची अशी, की ही झडप पूर्ण मिटत नाही. मागचे दिवे चालूच असतात आणि बंद झडपांतूनही थोडा प्रकाश झिरपतो. रात्री खोलीतले दिवे घालवा, टीव्ही चालू ठेवून पडदा पूर्ण काळा होईल असं काहीतरी लावा आणि दोनेक मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मग पडदा काळा न दिसता राखाडी दिसू लागतो. कोपऱ्यांत फिकट ढगांसारखे पट्टे दिसतील, एखाद्या कडेने उजेड जरा जास्तच येत असेल. हा बिघाड नव्हे, एलसीडीचा तो स्वभावच आहे. थोडाफार पट्टा जवळजवळ प्रत्येक पॅनलला असतो. नुसत्या काळ्या पडद्याकडे टक लावून जीव जाळण्यात अर्थ नाही, नेहमीच्या दृश्यांत तो खटकतो का एवढं पाहावं.

पडद्याचा पांढरा त्याच्या काळ्यापेक्षा किती पट उजळ, याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. एलसीडीत मुख्यतः दोन घराणी आहेत. ‘आयपीएस’ पॅनलचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १ असतो, पण बाजूला बसून पाहिलं तरी रंग फारसे बिघडत नाहीत. ‘व्हीए’ पॅनल ३००० ते ५००० ला १ पर्यंत जातं, मात्र समोरून बाजूला सरकलात की काळा फिका पडतो आणि चेहरे धुतल्यासारखे दिसतात. समोरच्या सोफ्यावरून बघणारी दोनच माणसं असतील तर व्हीए घ्यावं. खोलीभर पसरून बसणारं कुटुंब असेल तर आयपीएस बरं. हा तपशील खोक्यावर बहुधा छापत नाहीत. दुकानात पडद्यासमोरून बाजूला चालत जा, म्हणजे विक्रेत्याला न विचारताही कळेल.

झिरपणाऱ्या उजेडावर एक उपाय म्हणजे मागचे दिवे गटागटाने मंद करणं. जिथे दृश्य काळं, तिथला गट विझवायचा. मिनी-एलईडी टीव्हीत असे शेकडो, कधी हजारांहून जास्त गट असतात. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण हिशोब करून पाहा. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात. दिव्यांचे गट ५०० धरले तर एका गटाच्या वाट्याला सोळा हजारांहून जास्त बिंदू येतात. काळ्या आभाळात एकच चांदणी दाखवायची तर तिच्यासाठी अख्खा गट पेटवावा लागतो आणि चांदणीभोवती धुरकट वलय उमटतं. अंधाऱ्या दृश्याखाली पांढरी सबटायटल्स आली की हे वलय हमखास पकडता येतं. गट जितके जास्त तितकं वलय लहान. गट केव्हा आणि किती मंद करायचे हे टीव्हीतला प्रोसेसर ठरवतो, त्यामुळे सारख्याच गटसंख्येचे दोन टीव्ही वेगळे दिसू शकतात.

दुसरा उपाय मुळावरच घाव घालणारा: मागचा दिवाच नको, प्रत्येक बिंदूनेच उजळावं. ईस्टमन कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरांतून कमी विजेवर चांगला प्रकाश मिळवून दाखवला. आजचे ओलेड टीव्ही हे त्याच कामाचं फळ. बिंदू विझला की विझला, झिरपायला मागे काही उरतच नाही. रात्री दिवे मालवून सिनेमा पाहायची सवय असेल तर ओलेडला तोड नाही, असं माझं मत आहे.

पण ‘दिवे मालवून’ ही अट वाचून सोडून देऊ नका, सगळा खेळ तिथेच आहे. उन्हाचा कवडसा नसलेल्या, पण दिवसाच्या उजेडात न्हालेल्या खोलीचा विचार करू. समजा पडद्यावर २०० लक्स (लक्स हे पडणाऱ्या प्रकाशाचं एकक) प्रकाश पडतोय आणि त्यातला फक्त २ टक्के पडदा सगळीकडे पसरवून परत पाठवतोय. तेवढ्यानेही पडद्याच्या काळ्या भागावर सव्वा निटच्या आसपास उजेड चढतो. (निट हे पडद्याची झळाळी मोजायचं एकक.) आता टीव्हीचा पांढरा ३०० निटचा धरा. १००० ला १ कॉन्ट्रास्टच्या साध्या आयपीएस टीव्हीचा काळा मुळात ०.३ निट, त्यात खोलीची भर पडून झाला सुमारे १.६. ओलेडचा काळा मुळात शून्य, तो झाला १.३. म्हणजे प्रत्यक्ष डोळ्यांना मिळणारा कॉन्ट्रास्ट एकीकडे साधारण १९० ला १ आणि दुसरीकडे २३५ ला १. अंधारात जमीन-अस्मानाचा असलेला फरक दिवसाउजेडी एवढासा उरला! अशा खोलीत दिवसा बातम्या आणि क्रिकेट पाहणाऱ्याने काळ्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी एक जाड पडदा लावून पाहावा. टीव्ही खिडकीसमोर न ठेवता खिडकीच्या भिंतीशी काटकोनात ठेवला तरी बरंच काम होतं. दिवसा जिंकतो तो जास्त झळाळीचा आणि चांगला चकाकीरोधक लेप असलेला टीव्ही.

झळाळीच्या आकड्यांनाही फार भुलू नये. छोट्या उजळ ठिपक्यासाठी डोळ्याला जाणवणारा उजेड ढोबळमानाने खऱ्या उजेडाच्या घनमुळाप्रमाणे वाढतो. १००० निटऐवजी २००० निट मिळाले तर उजेड दुप्पट न वाटता सव्वापट वाटतो. शिवाय जाहिरातीतला आकडा बहुधा पडद्याच्या एका लहान तुकड्यावर काही क्षणांपुरता गाठलेला असतो.

आता बिंदूंच्या संख्येकडे वळू, कारण ‘८के (रुंदीत आणि उंचीत ४केच्या दुप्पट बिंदू) घेऊ का’ हा प्रश्न येतोच. निरोगी डोळा साधारण एक कलामिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढं बारीक वेगळं ओळखतो. ५५ इंची टीव्ही (हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं) सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावरचा ४केचा एक बिंदू ०.३२ मिलिमीटरचा होतो, आणि साधारण ११० सेंटिमीटरपेक्षा लांब बसलात की शेजारशेजारचे बिंदू एकमेकांत मिसळतात. फुल एचडीसाठी हेच अंतर सुमारे २२० सेंटिमीटर, आणि ८केसाठी जेमतेम ५५. अर्ध्या मीटरवरून एवढा मोठा टीव्ही कोण पाहणार? बसायची जागा तीन मीटरवर असेल, तर ५५ इंचांवर फुल एचडी आणि ४के यांतला फरकही डोळ्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. तरीही ४के टीव्ही चांगला दिसतो, कारण त्याच्यासोबत एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारी पद्धत, येतं. प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या मिळतात, आणि सूर्यास्ताच्या आभाळात पट्टे पडायचे ते पडत नाहीत.

आकार मात्र अंतरावर ठरवावा. पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापावा, असा एक जुना आणि उपयोगी ठोकताळा आहे. त्या हिशोबाने ५५ इंचांसाठी २.३ मीटर आणि ६५ इंचांसाठी २.७ मीटर अंतर येतं. बहुतेक घरांत बसायची जागा याहून लांब आणि टीव्ही याहून लहान असतो. तेव्हा पैसे मर्यादित असतील तर वरच्या श्रेणीतल्या लहान टीव्हीपेक्षा मधल्या श्रेणीतला मोठा टीव्ही बहुतेकांना जास्त समाधान देतो.

टीव्ही घरी आला की पहिलं काम रिमोट हातात घेऊन करायचं. बरेच टीव्ही चालू करताच निळसर आणि भडक दिसतात, ‘व्हिविड’सारख्या मोडमध्ये तर फारच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेजारच्या टीव्हीवर मात करायला ते ठीक, घरात नाही. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग तेच नैसर्गिक वाटू लागेल. त्या मोडचा पांढरा ६५०० केल्व्हिनच्या आसपासचा असतो (पांढऱ्याची छटा केल्व्हिनमध्ये सांगतात, आकडा जितका मोठा तितकी ती निळसर). चित्रपट आणि मालिकांचे रंग ठरवणारी माणसंही त्याच पांढऱ्यावर काम करतात.

त्याच मेनूत चित्राची हालचाल ‘गुळगुळीत’ करणारी एक सोय दडलेली असते, प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो आणि टीव्ही ६० किंवा १२० वेळा पडदा ताजा करतो. मधल्या जागा भरायला टीव्ही आपल्या मनाने चित्रं रचून घुसवतो. खेळाच्या सामन्यात हे चालून जातं. सिनेमात मात्र मोठ्या खर्चाने उभं केलेलं दृश्य घरगुती व्हिडिओसारखं दिसू लागतं आणि वेगाने हलणाऱ्या हाताभोवती चित्र फाटतं. अभिनेता टॉम क्रूझने २०१८ मध्ये चक्क एक व्हिडिओ काढून ही सोय बंद करा अशी विनंती केली होती. मी त्याच्या बाजूचा आहे.

आवाजाबद्दल थोडक्यात. खर्जाचे सूर काढायला भरपूर हवा हलवावी लागते आणि बोटभर जाडीच्या टीव्हीत तेवढी जागाच नसते. त्यातून स्पीकरची तोंडं खाली किंवा मागे. संवाद कळत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो आणि लगेच पार्श्वसंगीत अंगावर येतं. साधा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकरही इथे मोठा फरक पाडतो. टीव्हीच्या अंदाजपत्रकात त्याची जागा आधीच धरून ठेवावी.

भिंतीवर लावताना टीव्ही चित्राच्या तसबिरीसारखा उंच टांगू नये. बसल्यावर नजर पडद्याच्या मध्याला किंवा त्याच्या किंचित खाली यावी. मान तर वाचतेच, शिवाय वर सांगितलेला व्हीए पॅनलचा दोष खालून वर पाहतानाही लागू होतो. स्टँडवर ठेवणार असाल आणि घरात लहान मूल असेल, तर पट्ट्याने तो भिंतीला बांधून टाका. पातळ टीव्हीचा तळ अरुंद असतो, तो कडेला धरून ओढला की सहज पुढे कलंडतो.

ओलेडवाल्यांसाठी एक खास सूचना. यातले सेंद्रिय रेणू वापराने झिजतात, त्यातही निळा प्रकाश देणारे लवकर. एकच वृत्तवाहिनी रोज तासन्‌तास चालली, तर तिचं बोधचिन्ह आणि खालची पट्टी जिथे दिसते तिथले बिंदू वेगळ्या गतीने झिजून कायमचा डाग पडू शकतो. टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये असताना बिंदूंची चाचणी घेऊन ही झीज जमेल तितकी सावरून घेतो. काहींना रोज रात्री भिंतीवरचं मुख्य बटण बंद करायची शिस्त असते, आणि या दुरुस्तीला वेळच मिळत नाही. स्टँडबायची वीज तरी किती? अर्धा वॉट धरला तर वर्षाला साडेचार युनिटही होत नाहीत.

एलसीडीला डागाची भीती जवळपास नाही, त्याचा शत्रू उष्णता. बॅकलाइट कायम शंभर टक्क्यांवर ठेवला तर मागचे एलईडी तापतात आणि त्यांचं आयुष्य घटतं. संध्याकाळी तो निम्म्यावर आणला तर डोळ्यांना बरं आणि दिव्यांनाही. पुढेमागे कधी आवाज येतोय पण पडदा काळाठिक्कर, असं झालं तर लगेच टीव्ही भंगारात काढू नका. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा आणि अगदी जवळून पाहा. उजेडात पुसटशी माणसं हलताना दिसली, तर झडपा शाबूत आहेत आणि फक्त मागचे दिवे किंवा त्यांना वीज देणारा भाग गेला आहे. एलईडी बहुधा एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे त्यातला एक गेला तरी अख्खी पट्टी विझते. पट्टी बदलता येते आणि तो खर्च सहसा आवाक्यातला असतो. पॅनललाच तडा गेला असेल तर गोष्ट वेगळी: नवं पॅनल जवळपास नव्या टीव्हीच्या किमतीला जातं, आणि दुरुस्ती करणाराही बहुधा नवा टीव्ही घ्या असंच सुचवतो.