मासाईंची हलवाहलव : १९०४ ते न्गोरोंगोरो

टांझानियातल्या न्गोरोंगोरोमधून, म्हणजे एका ज्वालामुखीच्या विवराभोवतीच्या संरक्षित क्षेत्रातून, मासाई या गुरं पाळणाऱ्या समाजाच्या कुटुंबांना सुमारे सहाशे किलोमीटर दूर, हंडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा गावी नेण्याचं काम २०२२पासून सुरू आहे. जाणारे राजीखुशीने जात आहेत, असं सरकार सांगतं. बहुतेक मासाई पुढाऱ्यांना ते मान्य नाही. त्यांच्या अविश्वासाची मुळं २०२२च्या बरीच मागे आहेत.

१८९०च्या दशकात बुळकांडीने मासाईंची गुरं मेली, पाठोपाठ देवी आणि दुष्काळाने माणसं. समाज असा खचलेला असतानाच ब्रिटिशांनी आजच्या केनियातल्या मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे न्यायला घेतली (१८९६–१९०१). त्यासाठी तीस हजारांहून जास्त मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, नेले होते. त्यांची भरती करणाऱ्यांत कराचीचे व्यापारी ए. एम. जीवनजी होते. रेल्वेवर झालेला खर्च वसूल करायचा तर मालवाहतूक हवी, म्हणून गोऱ्या शेतकऱ्यांना बोलावून जमिनी द्यायचं ठरलं. आणि रिफ्ट खोऱ्यातली उत्तम कुरणं नेमकी या रुळांच्या आजूबाजूला होती.

१९०४ साली लायबोन, म्हणजे धर्मप्रमुख, ओलोनाना आणि इतर पुढाऱ्यांबरोबर करार झाला. मासाईंनी खोरं सोडायचं आणि दोन राखीव प्रदेशांत राहायचं, उत्तरेला लायकिपिया आणि दुसरा दक्षिणेला. मासाई वंश असेपर्यंत ही व्यवस्था कायम राहील, असं करारातच लिहिलं होतं. दोन्ही प्रदेश जोडणारा अर्धा मैल रुंदीचा रस्ताही कबूल केला होता. तो कधी झालाच नाही.

‘कायम’ची मुदत सात वर्षांत संपली. लायकिपियाची हिरवी पठारं गोऱ्या पशुपालकांना हवी होती. १९११मध्ये दुसरा करार करून उत्तरेकडच्या मासाईंना गुरांसकट दक्षिणेला जायला लावलं. उत्तरेचे पुढारी लेगालिशू यांनी आधी बराच विरोध केला आणि अखेर सही केली. वाटेत गुरं मेली, आणि पुढे मिळालेली जमीन जास्त कोरडी होती.

यावर मासाई कोर्टात गेले, हे आजही फारसं कुणाला ठाऊक नसतं. ओले न्जोगो आणि इतरांनी वकील देऊन १९११चा करार रद्द करा आणि नुकसानभरपाई द्या, अशी मागणी केली. १९१३मध्ये दावा फेटाळला गेला. कारण वाचण्यासारखं आहे : मासाई ब्रिटिश प्रजा नाहीत, हे करार दोन सत्तांमधले तह आहेत, आणि तहाचा निवाडा वसाहतीचं कोर्ट करू शकत नाही. म्हणजे जमीन लिहून देण्यापुरते ते सार्वभौम, पण तीच जमीन परत मागायला निघाले की त्यांना दरवाजा बंद. अपीलही फेटाळलं गेलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, जाण्याइतका पैसा त्यांच्याकडे नव्हता.

केनियाच्या सरहद्दीच्या दक्षिणेला, टांगानिकात (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग), मासाईंना हलवण्याचं कारण बदललं. तिथे जमीन हवी होती ती वन्य प्राण्यांसाठी. १९५१मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झालं. १९५८मध्ये काही वडीलधाऱ्या मासाईंकडून सेरेंगेटी सोडल्याचं लिहून घेतलं गेलं. त्या बदल्यात १९५९मध्ये न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र वेगळं काढलं, ८,२०० चौरस किलोमीटरहून मोठं, जिथे माणसं, गुरं आणि वन्य प्राणी एकत्र राहायचे होते. मासाई आणि प्राण्यांच्या हितात खटका उडालाच, तर मासाईंचं हित आधी पाहिलं जाईल, अशी ग्वाही गव्हर्नर रिचर्ड टर्नबुल यांनी तेव्हा दिली होती. १९७०च्या दशकात शेतीवर बंदी आली आणि विवराच्या तळाशी राहणाऱ्यांना बाहेर काढलं. या दोन्ही गोष्टी इंग्रज गेल्यानंतर, स्वतंत्र टांझानियात झाल्या.

सरकारचं म्हणणं असं की न्गोरोंगोरोत लोकवस्ती आणि गुरं फार वाढली. १९५९मध्ये आठेक हजार माणसं होती, आता लाखाच्या पुढे. वाढ खरी आहे, तिचा भार कुरणांवर पडतो हेही खरं. पण सेरेंगेटीतून हलवलेल्यांना इथेच राहा म्हणून सांगितलं होतं, ही बाजू त्या हिशेबात येत नाही.

शेजारच्या लोलिओंडोत १९९२पासून अमिरातीशी संबंधित एका शिकार कंपनीला परवाना आहे. जून २०२२मध्ये तिथली १,५०० चौरस किलोमीटर जमीन आखून घेताना पोलीस आणि मासाई यांच्यात चकमक झाली. एक पोलीस मारला गेला, कित्येक मासाई जखमी झाले आणि अनेक कुटुंबं सरहद्द ओलांडून केनियात गेली. पूर्व आफ्रिकी देशांच्या सामाईक न्यायालयाने त्याच वर्षी लोलिओंडोतून हटवण्याविरुद्धचा मासाईंचा दावा फेटाळला. २०२३मध्ये त्याच न्यायालयाच्या अपील विभागाने तो निकाल चुकीचा ठरवून फेरसुनावणीचा आदेश दिला.

ऑगस्ट २०२४मध्ये सरकारी आदेशाने न्गोरोंगोरोतली गावं आणि वॉर्ड अधिकृत यादीतूनच वगळले गेले. हजारो मासाईंनी सफारीच्या गाड्यांचा रस्ता अडवला, तोच रस्ता ज्यावरून मुंबई-पुण्याचे पर्यटकही विवर पाहायला जातात. काही दिवसांतच अरुशाच्या उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.