पुएब्लातला बीटलचा निरोप : पार्श्वभूमी

३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातल्या फोक्सवागनच्या कारखान्यातून शेवटची जुनी बीटल बाहेर पडली. फिकट निळी, फुलांनी सजवलेली, जगभरातली २,१५,२९,४६४वी. मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताचे वादक, वाजवत होते, कामगार भोवती गोळा झाले होते. पुढे ती गाडी जर्मनीत, वोल्फ्सबुर्गच्या संग्रहालयात गेली. या गाडीचं नियमित उत्पादन १९४५च्या अखेरीस वोल्फ्सबुर्गमध्येच, ब्रिटिश सैन्याच्या देखरेखीखाली सुरू झालं होतं.

तिथल्या कारखान्याने १९७४ साली बीटल थांबवली. १९७८च्या जानेवारीत एम्डेन या दुसऱ्या जर्मन शहरातही ती बंद झाली. त्यानंतर जर्मन ग्राहकांसाठी बीटल यायच्या त्या पुएब्लाहून, जहाजाने, १९८५पर्यंत. ज्या कामगारांनी जर्मनांकडून ही गाडी बांधायला शिकून घेतली, त्यांनीच ती जर्मनांना पुरवली. दोन कोटीवी बीटलही १९८१ साली पुएब्लातच तयार झाली. हा मान त्यांचाच आहे, पण बीटलचा इतिहास सांगताना तो बऱ्याचदा राहून जातो.

मेक्सिकोत तिला 'वोचो' म्हणतात. इंजिन मागे आणि एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं, त्यामुळे पाण्याची कटकट नाही आणि दुरुस्ती गल्लीतला मेकॅनिकही करी. मेक्सिको शहरातले टॅक्सीवाले चालकाशेजारची सीट काढून टाकत, म्हणजे प्रवाशाला मागे शिरता येई. पुढे टॅक्सीला चार दारं हवीत असा नियम आला, आणि दोन दारांच्या वोचोचं मोठं गिऱ्हाईक तुटलं. नव्या, स्वस्त गाड्यांची स्पर्धा होतीच.

कामगारांचा इतिहास मात्र एवढा गोड नाही. १९९२च्या संपात कंपनीने सगळ्यांना कामावरून काढलं आणि नंतर बहुतेकांना नव्या, कडक करारावर परत घेतलं. २००३च्या त्या गर्दीत या आठवणी असणारे जुने हात नक्कीच होते. तरी निरोपाला वाजंत्री वाजू शकली, याचं साधं कारण मला असं दिसतं : गाडी संपली, कारखाना संपला नाही. शेजारच्या लाइनवर जेट्टा आणि न्यू बीटल (जुन्या बीटलच्या नावाची नवी गाडी) तयार होतच होत्या. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात २०१४ साली अँबॅसेडर थांबली ती काम बंदची नोटीस लावून. तिथे गाडीबरोबर कामही गेलं.

न्यू बीटलच्या वारसदार गाडीचं उत्पादनही पुएब्लातच १० जुलै २०१९ला संपलं. त्या लाइनवर एसयूव्ही आणायचं तोवर ठरलेलं होतं.