सूर्यफूल पिवळं पडतंय: खालून की वरून?

घोडबंदर रोडची गच्ची असो की खारघरची बाल्कनी, कुंडीतलं सूर्यफूल पिवळं पडू लागलं की सल्ला ठरलेला: युरिया टाका. कधी तो लागू पडतो, कधी साफ वाया जातो. नत्र कमी पडलं तरी झाड पिवळं होतं आणि लोह कमी पडलं तरी. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी पिवळेपणा कुठून सुरू झालाय ते बघा.

नत्र झाडाच्या अंगात फिरतं. मुळांकडून पुरेसं आलं नाही, तर झाड तळाच्या जुन्या पानांतली प्रथिनं मोडून त्यातलं नत्र शेंड्याकडे पाठवतं. त्यामुळे खालची पानं आधी पिवळी पडतात, तीही शिरांसकट, आणि मग वाळून गळतात. शेंडा बराच काळ हिरवा दिसतो, म्हणून आपण निर्धास्त राहतो. तोवर खोड बारीक राहिलेलं असतं, उंची खुंटलेली असते, आणि बशीएवढं होणारं फूल वाटीएवढ्यावर थांबतं.

लोहाचं उलट. ते एकदा पानात गेलं की तिथून फारसं हलत नाही. हरितद्रव्य तयार होताना लोह लागतंच, त्यामुळे त्याची टंचाई नव्या पानांवर उमटते: जुनी पानं हिरवीगार, शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या. प्रकरण वाढलं की शिराही फिकटतात आणि नवं पान जवळजवळ पांढरंच निघतं.

ठाणे-नवी मुंबईत पहिला संशय नत्रावर घ्यावा, असं माझं मत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि उघड्यावरच्या कुंडीतलं नायट्रेट, म्हणजे नत्राचं विरघळणारं रूप, पाण्याबरोबर तळाच्या भोकातून निघून जातं. त्यात ग्रो बॅगमध्ये नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेलं असेल तर विचारूच नका, त्यात नत्र नावालाच असतं. गणपतीत फुलं यावीत म्हणून जूनमध्ये बी लावणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम युरिया पुरे, कारण त्यात 46 टक्के नत्र असतं. मूठभर टाकलात तर मुळं करपतील. गांडूळखत सावकाश लागू पडतं, पण जास्त दिवस पुरतं. गळायला आलेली पानं मात्र परत हिरवी होण्याची वाट बघू नका, नवी पानं बघा.

लोहाची गोष्ट जरा गमतीची आहे. नर्सरीतून गोणीने येणारी लाल माती जांभ्याची, म्हणजे लोहाने भरलेली. तरी झाडाला लोह मिळत नाही, कारण सोसायटीच्या वाफ्यात भिंतीचा गिलावा, सिमेंट, राडारोडा मिसळलेला असतो. त्यातल्या चुन्याने मातीचा सामू (pH) वाढतो आणि लोह विरघळेनासं होतं. सोलापूर-लातूरकडच्या चुनखडीच्या काळ्या रानांत सूर्यफुलाला हाच त्रास होतो. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून मुळं गुदमरली तरी शेंडा असाच पिवळा दिसतो. तेव्हा खत राहू द्या, ताटली रिकामी करा.

खात्री करायची तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून एकाच पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागाला ब्रशने लावा. काही दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला तर दोष लोहाचा. मग संध्याकाळी त्याचीच फवारणी करा. चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, घेणार असाल तर पाकिटावर त्या रसायनाचं नाव बघा: चुनखडीच्या मातीत ईडीटीएचं फारसं टिकत नाही, ईडीडीएचएचं घ्यावं.

फसवणारे आणखी दोघे आहेत. खालच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, शेंड्याची पानं शिरांसकट फिकट असतील तर गंधक.

एवढं सगळं जमून आलं तरी कळीच्या वेळी वरची पानं तांबूस, कडक, वेडीवाकडी झाली, फुलाखाली देठाला चीर गेली, तर तो बोरॉनचा अभाव. सूर्यफूल याबाबतीत फार नाजूक: दाणे पोचट राहतात, कधी फूलच मोडून पडतं. कडेच्या पाकळ्या उघडू लागल्या की लिटरला दोन ग्रॅम बोरॅक्स (बोरॉन असलेला टाकणखार) फवारावं, एकदाच. जास्त झालेलं बोरॉन झाडाला विषासारखं लागतं, म्हणून ते कुंडीत ओतू नये.