सेनिओ नदीची लढाई

सेनिओ नदीची लढाई : (९ एप्रिल १९४५). दुसऱ्या महायुद्धात इटलीतील दोस्त राष्ट्रांच्या अखेरच्या मोठ्या चढाईची सुरुवात या लढाईने झाली. ब्रिटिश आठव्या सेनेतील आठवी भारतीय डिव्हिजन या हल्ल्यात आघाडीवर होती.

ॲपेनाइन पर्वतात उगम पावून रेनोला मिळणारी सेनिओ ही नदी म्हणजे, या भागात तरी, मोठासा ओढाच. रुंदी सुमारे १५ फूट, पाणी ४ ते ५ फूट. खरा अडथळा होता तो दोन्ही काठांवरच्या पूररोधक मातीच्या बांधांचा. ते ३० ते ३५ फूट उंच, चढणीला उभे आणि जर्मनांनी आतून पोखरलेले होते. पूर्वेकडचा, म्हणजे दोस्तांच्या बाजूचा, बांधही त्यांनी सोडला नव्हता. त्याच्या नदीकडील उतारावर पाण्याच्या वर सुरुंगांचा पट्टा होता आणि मशीनगनचे मोर्चेही होते. त्यामुळे हा बांध ओलांडून पाण्यात उतरलेल्या सैनिकांवर मागूनही गोळ्या येत.

सान पोलितोच्या उत्तरेस पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीवर नेमकी हीच वेळ आली. पश्चिम काठावर चढताना कंपनी कमांडर व दोन जवान जखमी झाले. सोबतच्या टोळीत धडधाकट उरला तो एकटा शिपाई नामदेव जाधव, कंपनीचा ‘रनर’. निरोप पोचवणे हे त्याचे काम. त्याने दोन खेपा करून दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधापलीकडे नेले. तिसऱ्यांदा तो मोर्च्यांवरच धावून गेला. पहिला मोर्चा टॉमी गनने गप्प केला; पण हाताला गोळी लागल्याने बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून त्याने हातबाँब घेतले. मधे बाँब संपले. बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन त्याने पलीकडच्या सोबत्यांकडून नवे घेतले आणि आणखी दोन मोर्चे संपवले. मग उखळी तोफांच्या माऱ्यात बांधावर उभा राहून मराठ्यांची रणगर्जना करीत त्याने उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले.

जाधव अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज गावचा. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. याच नदीवर, त्याच दिवशी, त्याच डिव्हिजनमधील फ्रंटिअर फोर्स रायफल्सचा शिपाई अली हैदर यालाही ते मिळाले. इटलीतील जर्मन फौजांची शरणागती २ मे १९४५ रोजी अमलात आली.