हेर्मान हर्ट्झबर्गर

हर्ट्झबर्गर, हेर्मान : (जन्म ६ जुलै १९३२). डच वास्तुविशारद व अध्यापक. जन्म ॲम्स्टरडॅमचा. डेल्फ्ट येथून १९५८ मध्ये पदवी घेऊन त्यांनी स्वतःचे कार्यालय थाटले. १९५९ ते १९६३ या काळात आल्डो व्हान आइक, याप बाकेमा या वास्तुविशारदांसह ते फोरम या वास्तुकलेच्या नियतकालिकाच्या संपादक मंडळात होते. युद्धोत्तर पुनर्बांधणीतल्या एकसाची इमारतींवर या मंडळींचा रोख होता. डच संरचनावादाची, म्हणजे सारख्या छोट्या घटकांच्या जोडणीतून इमारत रचून वापराला मोकळीक देणाऱ्या वास्तुप्रवाहाची, जडणघडण तिथलीच.

सांगाडा पक्का असावा, वापर मात्र राहणाऱ्याने ठरवावा, ही हर्ट्झबर्गर यांची भूमिका. त्यासाठी नुसती मोकळी जागा सोडून भागत नाही. रिकाम्या दालनात माणूस बुजतो. त्याला कोपरा, कठडा, पायरी असे काहीतरी लागते. डेल्फ्टच्या माँटेसरी शाळेतले (१९६०–६६) वर्ग म्हणूनच इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचे आहेत : एका भुजेत गलबला चालू असला तरी दुसरीत वाचत बसता येते. दालनाच्या मधोमध विटांचा ओटा आहे. तो वाटेत येणार असे कुणालाही वाटेल. पण जागचा हलत नाही म्हणूनच मुले त्याच्याभोवती जमतात. त्याच्या पोटातले लाकडी भाग ओढून काढले की रंगमंच तयार होतो. बालवर्गात याच्या उलट चौकोनी खळगा आहे, सुट्या लाकडी ठोकळ्यांनी भरलेला. ठोकळे बाहेर काढून मुले त्यांची आगगाडी करतात, नाहीतर खळग्यातच जाऊन बसतात. डेल्फ्टच्याच आठ डियागून घरांत (१९६७–७१) जिन्याचा आणि स्वयंपाकघर-न्हाणीघराचा असे दोन गाभेच ठरलेले. बाकी अर्ध्या-अर्ध्या मजल्यांवर काय करायचे ते कुटुंबाने पाहावे.

आपेलडोर्न येथील सेंट्राल बेहेर विमा कंपनीचे कार्यालय (१९६८–७२) ही त्यांची सर्वांत चर्चिली गेलेली इमारत. ९ × ९ मीटरचे चौरस कक्ष (चौक), प्रत्येकाच्या कोपऱ्यांत कामाला बसण्याच्या ३ × ३ मीटरच्या चार जागा (बैठका), मधून जाण्यायेण्याची वाट. चौकांमधल्या फटींतून छतावरचा उजेड थेट खालपर्यंत उतरतो. काँक्रीटचे ठोकळे गिलावा न करता सोडले होते. कर्मचाऱ्यांनी घरून कुंड्या, चित्रे आणून बैठका सजवल्या. कोरेपणाचा हेतू तोच होता. दोषही त्याच रचनेतला : सगळ्या बाजू सारख्या असल्याने नवख्याला प्रवेशद्वार सापडत नसे. पुढे कंपनीने इमारत सोडली आणि घरांसाठी तिचा विचार सुरू झाला, तेव्हा आतल्या चौकांना बाहेरची खिडकीच नाही ही अडचण पुढे आली.

उट्रेख्टचे व्ह्रेडेनबुर्ख संगीतगृह (१९७३–७८) ही त्यांची आणखी एक गाजलेली वास्तू. २०१४ मध्ये नवे संकुल उभे राहिले तेव्हा तिचे मोठे सभागृह जपून आत सामावून घेण्यात आले. डेल्फ्टला त्यांनी १९७० ते १९९९ अध्यापन केले. ब्रिटिश वास्तुविशारद संस्थेचे रॉयल सुवर्णपदक त्यांना २०१२ मध्ये मिळाले.