हॅम परवान्यातली मोर्सची अट आली कुठून?

पुण्यात हॅम, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून संपर्क साधणारी मंडळी जमली की परवान्याचा विषय निघतो आणि गाडी हमखास मोर्सवर, म्हणजे ठिपके आणि रेघांच्या सांकेतिक लिपीवर येते. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून सेट जुळवणारा विद्यार्थी विचारतो, मला बोलायचंय, मग कडकट्ट कशाला? जुने म्हणतात, कान तयार झाल्याशिवाय ऑपरेटर घडत नाही. पण ही अट मुळात हौशी लोकांच्या भल्यासाठी घातलेलीच नव्हती.

ती जहाजांसाठी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजं, किनाऱ्यावरची केंद्रं आणि हौशी प्रक्षेपक सगळेच मोर्समध्ये संदेश पाठवत. संकटातल्या बोटीची हाक एखाद्या हौशी सेटखाली दबली, तर ‘थांब’ हेही त्याला मोर्समध्येच सांगावं लागे. ते त्याला कळलंच नाही, तर जीव जाणार. म्हणून परीक्षा. पुण्याजवळही त्या काळी बिनतारीचं मोठं काम चाले: 1927 साली इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली, तिचं प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होतं.

पुढे 30 मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींसाठी मोर्सची सक्ती उरली नाही. खालच्या एचएफ म्हणजे शॉर्टवेव्ह पट्ट्यात, जिथून संदेश समुद्रापार जातात, ती राहिली. 1 फेब्रुवारी 1999 पासून जहाजांसाठी उपग्रहांचा आधार असलेली नवी संकटसूचना यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि अटीखालचा पायाच निघाला. 2003 मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने निर्णय ज्या त्या देशावर सोडला. ब्रिटनने त्याच वर्षी अट काढली, अमेरिकेने 23 फेब्रुवारी 2007 पासून.

भारतात 1978 च्या नियमांनुसार परवान्याच्या ग्रेड वनला मोर्सचा वेग मिनिटाला 12 शब्द, ग्रेड टूला 5. नंतर परवान्याचे जनरल आणि त्याखालचा रिस्ट्रिक्टेड असे वर्ग झाले; जनरलसाठी 8 शब्द ठरले, रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. शब्द पाच अक्षरांचा धरतात, म्हणून 8 शब्द म्हणजे 40 अक्षरं, दर दीड सेकंदाला एक. तक्ता पाठ करून ठिपके मोजणारा इथे हमखास अडकतो. ‘डा-डा-डि-डा’ कानावर पडताच हाताने क्यू लिहायला हवा, मध्ये विचाराला जागा नाही.

अटीच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा तांत्रिक होता. आवाजाला अडीच किलोहर्ट्झच्या आसपास जागा लागते, मोर्सचं काम दोनेकशे हर्ट्झमध्ये भागतं, त्यामुळे थोड्या वॉटमध्येही तो लांब पोचतो. हे आजही खरं आहे. मात्र 2017 मध्ये आलेला एफटी8 हा संगणकी संदेशप्रकार गोंगाटाखाली बुडालेले संदेशही संगणकाकडून वाचून घेतो. शिवाय 2004 च्या त्सुनामीत अंदमानात असलेल्या हॅम चमूने मुख्य भूमीशी संपर्क जोडला, तो प्रामुख्याने आवाजावर. माझ्या मते मोर्स प्रत्येक हॅमने शिकावा, पण तो येत नाही म्हणून कुणाला जनरल परवान्यापासून अडवू नये. सक्ती गेली की मोर्स मरेल ही भीती तर खोटीच ठरली: नोव्हेंबरअखेरच्या जागतिक सीडब्ल्यू (म्हणजे मोर्सच्या) स्पर्धेत अट काढून टाकलेल्या देशांतली हजारो स्टेशनं उतरतात.