वाल्व्ह आहे, बॉम्ब नाही

मागच्या महिन्यात आमच्याकडनं वाल्व्हची एक ऑर्डर निघायची होती, पॅकिंग झालेलं, पेट्यांवर मार्किंगसुद्धा झालेलं, आणि ऐन वेळी सीएचएचा, म्हणजे आमच्या कस्टम एजंटचा फोन की बॉडी कशाची आहे, स्कोमेटमध्ये (परवानगीशिवाय निर्यात करता येत नाही अशा मालाच्या सरकारी यादीत) बसत नाही असं लेखी द्या. बॉडी हॅस्टेलॉयची, म्हणजे निकेलच्या मिश्रधातूची. झालं, पेट्या भोसरीतच. आमचे मालक म्हणाले, "अहो वाल्व्ह आहे, बॉम्ब नाही!" पण यादीवाले वाल्व्हच बघतात ना, कारण निकेलच्या मिश्रधातूचा जो वाल्व्ह ॲसिडला पुरून उरतो तो नर्व्ह गॅसच्या प्लांटमध्येही तितकाच चालतो. इराकने इराणविरुद्धच्या युद्धात विषारी वायू वापरला, त्याचं सामान बाहेरच्या कंपन्यांकडनं साध्या केमिकल धंद्याच्या नावाखाली गेलेलं, म्हणून 1985 मध्ये असल्या मालाची निर्यात रोखायला देशांचा ऑस्ट्रेलिया ग्रुप जमला आणि पुढे असले वाल्व्ह, पंप, रिॲक्टर यादीत आले.

याद्यांचं प्रकरण त्याहून जुनं. शीतयुद्धात पाश्चात्त्य देशांची कोकॉम नावाची समिती पॅरिसमधून चालायची, सोव्हिएत गटाला काय विकायचं नाही ते ठरवायची. तिला गाजवलं जपानच्या तोशिबाची उपकंपनी तोशिबा मशीनने. 1982-83 मध्ये यांनी सोव्हिएत युनियनला नऊ ॲक्सिसची मिलिंग मशिनं (ॲक्सिस जितके जास्त तितका अवघड आकार कापता येतो) विकली, कंट्रोलर नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे, आणि परवानगीच्या कागदावर लिहिलं काय तर दोन ॲक्सिस! मशिनं पाणबुडीचे प्रॉपेलर कापायला. 1987 मध्ये बिंग फुटलं तेव्हा अमेरिकन खासदारांनी संसदेसमोरच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला, आणि उद्योग उपकंपनीचा असूनही मूळ तोशिबाच्या चेअरमन आणि प्रेसिडेंटला खुर्च्या सोडाव्या लागल्या. डिस्क्रिप्शनमध्ये "जरा साधं लिहा हो" म्हणणाऱ्यांना मी हाच किस्सा ऐकवतो.

आता आपली गंमत बघा. 1974 ला पोखरण झालं, त्याचं प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस रिॲक्टरमधलं, रिॲक्टर कॅनडाने दिलेला, जड पाणी अमेरिकेचं, शांततेसाठी म्हणून. त्यावरून चिडून अणुसामान विकणाऱ्या देशांचा जो क्लब निघाला तो न्यूक्लिअर सप्लायर्स ग्रुप, एनएसजी. म्हणजे एक अख्खी यादी आपल्यामुळेच जन्माला आली, आणि पुढची कित्येक वर्षं आपण गिऱ्हाईक म्हणून दाराबाहेर. सुपरकॉम्प्युटर मागितला तर क्रे या अमेरिकन कंपनीचं कमी ताकदीचं मॉडेल, तेही फक्त हवामानासाठी, त्यातनंच पुण्यात सीडॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली आणि 1991 ला आपला स्वतःचा सुपरकॉम्प्युटर परम 8000 आला. 1998 च्या स्फोटांनंतर अमेरिकेने भारतातल्या ढीगभर संस्था एंटिटी लिस्टवर, म्हणजे परवान्याशिवाय माल द्यायचा नाही अशांच्या यादीत टाकल्या, इस्रो आणि डीआरडीओच्या संस्था 2011 ला निघाल्या, बीएआरसी तर थेट जानेवारी 2025 मध्ये.

आणि मधल्या काळात आपण टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलो. 2005 ला सामूहिक संहाराच्या शस्त्रांवरचा कायदा आला, मग 2016 ला क्षेपणास्त्रांच्या सामानाचा गट एमटीसीआर, 2017 ला शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या मालाचा वासेनार, 2018 ला ऑस्ट्रेलिया ग्रुप, असे एकेका गटाचे आपण सभासद झालो. एनएसजीत अजून घेतलेलं नाही, चीन आडवा. पण बाकीच्यांच्या याद्या आपल्या स्कोमेटमध्ये आल्या, त्यामुळे जे प्रश्न पूर्वी आपल्या शास्त्रज्ञांना विचारायचे की हे कुठे बसवणार, कोण वापरणार, तेच आता आम्ही भोसरीतनं गिऱ्हाइकाला विचारतो.

आमचा वाल्व्ह यादीत बसतो असंच निघालं. म्हणजे डीजीएफटीचं, विदेश व्यापार महासंचालनालयाचं ऑथरायझेशन, दिल्लीत निरनिराळ्या खात्यांची माणसं बसून बघणार, आणि त्याआधी गिऱ्हाइकाकडनं माल कशाला वापरणार याचं एंड यूज सर्टिफिकेट. ते आलं परवा, त्यात वापराच्या रकान्यात नुसतं "जनरल इंडस्ट्रियल". परत पाठवलंय, कुठल्या प्लांटमध्ये, कुठल्या लाइनवर, काय वाहणार ते लिहा म्हणून. मालक रोज सकाळी विचारतात, आलं का.